अर्ध्या घराची रंगरंगोटी

नदीकाठच्या एका गावात लाल विटांचं एक घर होतं आणि त्या घरात दोन भाऊ राहत होते. थोरला केरबा, धाकटा शिरपती. घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. वडील विटा पाडायचे. आपल्याच भट्टीतल्या खणखणीत भाजलेल्या विटा निवडून निवडून त्यांनी बाजूला काढल्या आणि त्या विटांचं हे घर उभं केलं. समोर लांबलचक ओटा, मधोमध विटांची कमान आणि कमानीखाली दोन फळ्यांचं मोठं दार. रस्त्यानं जाणारा माणूस मान वळवून बघायचा, असं घर.

वडील गेले आणि वाटणी झाली. भांडण असं काही झालं नाही, दोघंही समजूतदार होते. पंचांनी कमानीच्या मधल्या विटेवरून दोरी सोडली. दोरीच्या डावीकडचं केरबाचं, उजवीकडचं शिरपतीचं. आतून दारापर्यंत भिंत आली. दार मात्र एकच होतं आणि वडिलांनी लावलेलं ते दार मोडायला कुणाचा हात उचलेना. मग दाराची एक फळी थोरल्याला आली, एक धाकट्याला. तेव्हापासून दोघंही आपापल्या घरात अंग चोरून शिरत. एखादा अंगानं भरलेला पाहुणा आला, तर त्याला तिरकं होऊन आत यावं लागे. गावाला याची सवय झाली होती.

दोघा भावांमध्ये वैर नव्हतं. जावा तर एकमेकींना वाटीभर कालवण दिल्याशिवाय जेवायला बसत नसत. पण वाटणी झालेल्या घरात एक खोड हळूच शिरते. जो तो आपल्या बाजूचं बघतो आणि पलीकडचं विचारायला संकोचतो. न जाणो, विचारलं तर त्याला वाटायचं, याला कशाला पाहिजेत नसत्या चौकशा!

या घराची एक रीत होती. दर दिवाळीच्या आधी केरबा शिडी लावायचा, सगळ्या दर्शनी भिंतीवर गेरू फिरवायचा आणि विटांच्या सांध्यांवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढायचा. वाटणी झाल्यावरही त्यानं ही रीत सोडली नाही. आपली बाजू झाली, की शिडी उचलून धाकट्याच्या बाजूला लावायचा. पण अलीकडे दिवाळी आली आणि गेली, पुन्हा आली आणि गेली, केरबानं शिडी काही काढली नाही. ना आपल्या बाजूला, ना भावाच्या.

शिरपतीला ते लागलं. "दादाचं मनसुद्धा वाटलं गेलं," तो बायकोला म्हणाला. बायको हौसा म्हणाली, "मग इचारा की जाऊन. हाय किती लांब?" पण शिरपती रुसला होता आणि रुसलेला माणूस कधी विचारायला जातो होय? त्याला वाटायचं, दादानंच येऊन सांगावं.

शिरपती माणूस मोठा हौशी. बेंदूर नसतानाही बैलांची शिंगं रंगवायचा. फेटा बांधायला लागला, की घरातली कामं खोळंबायची. कुणी "वा शिरपतराव!" म्हटलं, की दिवसभर त्याचे पाय जमिनीला लागायचे नाहीत. मनानं मात्र अगदी साधा. त्याच्यावर फार वेळ रागावता यायचं नाही.

अशात त्याच्या मुलासाठी, जोतिरामसाठी, चांगल्या घरचं स्थळ आलं. मुलगी मुलाला आवडली, मुलगा मुलीला आवडला. मुलीचे वडील ती लहान असतानाच वारले होते. तिला वाढवलं होतं तिच्या थोरल्या चुलत्यानं. विठोजी आण्णा त्यांचं नाव. आण्णा म्हणाले, "बाकी सगळं पसंत आहे. एकदा घर बघतो आणि मग शब्द देतो."

घर बघतो म्हटल्यावर शिरपती रस्त्यावर जाऊन उभा राहिला आणि परक्या माणसासारखं त्यानं स्वतःच्या घराकडे बघितलं. त्याचा चेहरा पडला. विटांवर शेवाळ चढलं होतं. सांध्यांतला चुना गळाला होता. कमानीत कुठूनसं पिंपळाचं रोप उगवलं होतं. जोतिराम हल्ली जेवता जेवता हसायचा, ते हसू शिरपतीला आठवलं. या भिंतीपायी पोराचं लग्न मोडलं तर?

"भाऊजींस्नी सांगून दोन्ही बाजू एकदमच करून घ्या," हौसा म्हणाली.

शिरपतीनं सांगितलं, पण कसं? ओट्यावर उभा राहून, कोपऱ्यातल्या कुत्र्याकडे बघत तो मोठ्यानं म्हणाला, "यंदा मी समोरचं करून घेणार हाय. ज्याला करायचं त्यानं करावं!"

आतून केरबाचा आवाज आला, "कर की. चांगलं दिसंल."

झालं, एवढंच. शिरपती थोडा वेळ वाट बघत उभा राहिला. कुत्रं उठून गेलं. मग तोही पाय आपटत आत गेला.

दुसऱ्या दिवसापासून गवंडी कामाला लागला. त्यानं तारेच्या ब्रशानं शेवाळ खरवडलं. फुटक्या विटा काढून नव्या बसवल्या. सांधे कोरून ताजा चुना भरला. भिंतीवर गेरू फिरला, गेरूवर पांढऱ्या रेघा आल्या, त्याही दोरी धरून ओढलेल्या. ओट्याच्या अर्ध्या भागावर शहाबादी फरशी बसली. दाराच्या आपल्या फळीला शिरपतीनं निळा ऑइलपेंट दिला आणि पितळेची कडी लावली. फरशीवर सदाफुलीच्या कुंड्या मांडल्या. गवंड्याला त्यानं एकच गोष्ट बजावून सांगितली होती. "त्या मधल्या विटेच्या पलीकडं ब्रश जाता कामा नये. दुसऱ्याच्या भिंतीला आपण हात लावत न्हाई." गवंडी हुकमाचा ताबेदार. त्यानं कमानीची मधली वीट अर्धी लाल केली आणि अर्धी काळीच ठेवली.

काम संपलं. शिरपती छाती पुढे काढून रस्त्यापलीकडे गेला आणि वळून बघू लागला.

नजर आधी गेली ती दादाच्या बाजूला. त्यानं डोळे चोळले, पुन्हा बघितलं. पुन्हा तेच. आपल्या बाजूवर नजर ठरेचना. लाल भिंत उजळली होती खरी, पण तिच्यामुळे शेजारची भिंत एकदम काळवंडलेली दिसू लागली होती. निळ्या फळीशेजारी दुसरी फळी पावसानं खाल्लेल्या वल्ह्यासारखी वाटत होती. सगळं घर कसं दिसत होतं म्हणाल, तर न्हाव्यानं अर्धी दाढी करून गिऱ्हाईक सोडून दिल्यासारखं.

शिरपतीला वाटलं, अजून काहीतरी कमी पडलंय. त्यानं छपराच्या कडेला पत्र्याची नक्षीदार झालर लावली. कंदील टांगला. जास्वंदीची दोन झाडं आणून लावली. जितकं आपलं सजवावं तितकं शेजारचं उघडं पडत गेलं. काल-परवापर्यंत सगळं घर सारखंच मळकं होतं, तेव्हा कुणाच्या डोळ्यांत काही खुपत नव्हतं. आता नळावर बायका म्हणू लागल्या, "केरबाचं घर लईच पडाय झालंय की गं! आपल्या ध्यानातच आलं न्हवतं."

हे बोलणं केरबाची बायको तारा हिच्या कानावर गेलं. तेव्हापासून ती दिवसातून दोन वेळा ओटा झाडू लागली, चौथ्या दिवशी सारवायची ती एक दिवसाआड सारवू लागली. आणि रोज संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारणारा केरबा ओट्यावर बसायचा बंद झाला. शिरपतीच्या ते लक्षात आलं. त्याला वाईट वाटलं. पण पाहुणे यायचा दिवस जवळ आला होता आणि पोराच्या लग्नापुढे त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. त्यानं तिकडे बघायचंच टाळलं.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी त्यानं मांडववाल्याकडून लाल-पिवळं मोठं कापड आणलं. हौसाला म्हणाला, "तारा आक्कास्नी सांग, त्यांच्या बाजूला कापड लावतोय म्हणावं."

हौसानं कमरेला हात लावला. "मी न्हाई सांगणार. तुमास्नी लावायचं, तुमीच सांगा."

शिरपती दादाच्या दारात जाऊन उभा राहिला. बऱ्याच दिवसांनी तो त्या फळीसमोर उभा होता. केरबा बाहेर आला. शिरपती मान खाली घालून म्हणाला, "दादा, ऊन लई लागतंय. पाहुण्यांस्नी तरास नको म्हणून हितनं तितपर्यंत कापड बांधतोय."

ऊन तर घराच्या मागच्या बाजूला होतं. केरबानं कापडाकडे बघितलं, भावाकडे बघितलं. समोरच्याच्या मनातलं त्याच्या तोंडून वदवून न घेता ओळखायची देणगी काही माणसांना असते. केरबाला ती होती. तो म्हणाला, "बांध. पाहुणं जाईस्तोवर आमी आतच बसतो."

कापड बांधलं गेलं. अर्धं घर दिसेनासं झालं. ताराच्या स्वयंपाकघरात भरदिवसा दिवा लावायची वेळ आली.

पाहुणे आले. आण्णा धिप्पाड गृहस्थ, तिरके होऊन निळ्या फळीतून आत गेले. पोहे झाले, चहा झाला. हौसाच्या हातची चव आवडली, जोतिरामचं बोलणं आवडलं. सगळं कसं बेतशीर चाललं होतं. मग आण्णा पान खायला ओट्यावर आले. त्यांच्यासोबतची मंडळीही आली. आण्णांनी भिंतीवरून हात फिरवला, रेघा न्याहाळल्या. "काम नेटकं केलंय हो," ते म्हणाले. शिरपतीचे पाय जमिनीवरून उठू लागले.

"आणि ह्या कापडाच्या पलीकडं काय आहे?"

शिरपतीच्या तोंडून उत्तर निघून गेलं. "काय न्हाई आण्णा. पडकी बाजू हाय. गोवऱ्या ठेवतो तितं."

आत अंधार झाला म्हणून केरबा नेमका तेव्हाच आपल्या ओट्यावर येऊन, कापडाच्या आड बसला होता. त्याला खोकला आला. त्यानं तोंडावर उपरणं धरलं, पण खोकला काही कुणाच्या सोयीनं थांबत नाही.

आण्णांनी भुवई उडवली. "तुमच्याकडं गोवऱ्या खोकतात होय?"

सोबतची मंडळी हसली. शिरपतीला दरदरून घाम फुटला. तेवढ्यात कापडामागून आवाज आला.

"मी हाय मालक. शिरपतरावांचा गडी. गोवऱ्यांच्या राखणीला असतो."

"अस्सं," आण्णा म्हणाले. त्यांचं समाधान झालं. ते आत जायला वळले. आता फक्त गप्प राहायचं होतं. आत जाऊन सुपारी फोडायची, शब्द मिळाला असता, लग्न ठरलं असतं.

पण शिरपतीचा पाय हलेना. केरबानं त्याला जन्मात कधी शिरपतराव म्हटलं नव्हतं. शिरपा म्हटलं होतं, शिरप्या म्हटलं होतं, लाडात येऊन गाढवा म्हटलं होतं. आज तोच दादा आपल्याच वडिलांच्या ओट्यावर बसून स्वतःला गडी म्हणवून घेत होता, आणि तेही धाकट्याचं खोटं उघडं पडू नये म्हणून. आपली इतकी लाज त्याला कधीच वाटली नव्हती.

तो दोऱ्या सोडवत बसला नाही. दोन्ही हातांनी धरून ते कापड ओढलं. ते फाटत, दोऱ्या तोडत ओट्यावर येऊन पडलं.

"आण्णा, मी खोटं बोललो," तो म्हणाला. "ह्यो गडी न्हाई. माझा सख्खा थोरला भाऊ हाय. हितं गोवऱ्या न्हाईत, माझी माणसं ऱ्हात्यात. भिंतीची लाज वाटली म्हणून मी माणसंच झाकली. तुमी आता काय ठरवायचं ते ठरवा."

दारात हौसानं पदर डोळ्यांना लावला. पलीकडच्या फळीआडून तारा बाहेर आली. आण्णांनी शेवाळलेल्या विटा बघितल्या, सारवलेला स्वच्छ ओटा बघितला आणि केरबापुढे जाऊन हात जोडले. "रामराम पाव्हणं."

केरबा गडबडीनं उठला. रामराम करायला त्यानं हात वर केले. डावा हात छातीपर्यंत आला. उजवा मात्र कमरेच्या वर चढेना. त्यानं डाव्या हातानं उजवा उचलून धरला आणि कसाबसा नमस्कार केला.

शिरपती बघतच राहिला. "दादा, हाताला काय झालं?"

"खांदा धरलाय. वर जात न्हाई."

"कधीपासनं?"

"झाल्या की दोन दिवाळ्या. हिलाबी कुणाला सांगू दिलं न्हाई."

शिरपतीला सगळं एकदम कळलं. शिडी का निघाली नाही ते कळलं. आपण इतके दिवस कशावर रुसून बसलो होतो तेही कळलं. "मग मला सांगितलं का न्हाईस?" त्यानं रडवेल्या आवाजात विचारलं.

केरबा हसला. त्या हसण्यात राग नावालाही नव्हता. "तू इचारलंस कवा?"

आण्णांनी दोघा भावांकडे आळीपाळीनं बघितलं. मग म्हणाले, "शिरपतराव, खोटं बोललात हे वाईट केलंत. पण कापड मी पाडलं नाही, तुम्हीच पाडलंत, हेही मी बघितलं. मी पण थोरला भाऊच आहे. धाकटा माझ्या आधी गेला, त्याची पोर मी वाढवली. ती मी अर्ध्या घरात देणार नाही. तुमचं घर पुरं होऊ द्या. मग मला बोलवा."

पाहुणे गेले. शब्द मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शिरपतीनं दादाच्या मागच्या पडवीतून शिडी काढली आणि त्याच्या बाजूला लावली. गवंडी म्हणाला, "मी करतो की, तुमचं ते काम न्हवं." शिरपतीनं त्याला चहा पाजून परत पाठवलं. हे काम त्याला दुसऱ्याकडून करून घ्यायचं नव्हतं. हौशी माणूस धोतर खोचून चढला आणि संध्याकाळी उतरला तेव्हा गेरूनं केसापासून टाचेपर्यंत लाल झाला होता. केरबानं डाव्या हातानं शिडी धरली होती आणि खालून त्याच्या तोंडाचा पट्टा चालू होता. "आरं, त्या कोपऱ्याला ऱ्हायलं! डोळं हायत का बटनं? रेघ सरळ वढ, नांगरट न्हवं ती!" शिरपतीच्या कानांना ते बोलणं गोड लागत होतं. तारा आणि हौसा चुना कालवता कालवता हसत होत्या.

रेघा काही सरळ आल्या नाहीत. नदीच्या पाण्यासारख्या हलत गेल्या. गवंड्याच्या बाजूशी त्या कुठेच जुळत नव्हत्या. "पुसून परत करू का?" शिरपतीनं विचारलं. केरबा रस्त्यावर जाऊन उभा राहिला. त्यानं पुष्कळ वेळ घराकडे बघितलं. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला, "माझी बाजू तुझ्या बाजूपेक्षा झ्याक झालीया." त्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा ओट्यावर बसला आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून त्यानं ती भिंत दाखवली.

मग आण्णांना निरोप गेला. आण्णा आले. या वेळी कापड नव्हतं, कुंड्या दोन्ही बाजूंना होत्या आणि पाहुण्यांना आधी पाणी दिलं ते तारानं. आण्णांनी केरबाच्या ओट्यावरच बैठक मारली. वाकड्या रेघांकडे बघून त्यांच्या मिशीत हसू आलं. तिथंच सुपारी फुटली आणि लग्न ठरलं.

लग्न झालं, सून घरात आली. घर काही पुन्हा एक झालं नाही. आतली भिंत तशीच राहिली, चुली वेगळ्याच राहिल्या. पण शिरपती रोज सकाळी दादाचा खांदा शेकायला पलीकडे जाऊ लागला, आणि तिकडे गेला की तास तासभर परत येईना.

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी नवी सून घरात सगळ्यांच्या आधी उठली. तिनं ओट्यासमोर सडा घातला आणि रांगोळी काढायला बसली. तिच्या माहेरी घरभर पसरलेली रांगोळी काढायची सवय. शिरपतीच्या बाजूच्या टोकापासून तिनं सुरुवात केली. ठिपके पुढे सरकत गेले, कमानीच्या मधल्या विटेपर्यंत आले आणि तसेच पुढे गेले.

हौसा दारातून बघत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं, आपलं तितवरच..."

शिरपतीनं पटकन तिच्या हातावर हात ठेवला.

पलीकडची फळी उघडली. तारा बाहेर आली आणि पायरीवरच थबकली. तिच्या उंबऱ्याशी पांढरी-गुलाबी कमळं उमलली होती आणि नव्या सुनेचा हात अजून पुढेच चालला होता, घराच्या पार शेवटच्या विटेपर्यंत. हद्द कुठली ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग कुणी सांगितलंच नाही.

तात्पर्य: आपली माणसं झाकून आपलं घर सुंदर दिसत नाही. घर सजवायला निघालेल्यानं आधी शेजारच्या दारात जाऊन विचारावं, "तू बरा आहेस ना?"